सहा बदामांची बोली

सोसायटीच्या सभेत बिल्डर उभा राहून म्हणाला, "दिवाळीपर्यंत लिफ्ट चालू. माझा शब्द!" तेव्हा मागच्या खुर्चीवरून भालेरावांनी हात वर केला आणि शांतपणे म्हटलं, "डबल."

"डबल कुठून देऊ साहेब? जागा तरी आहे का?" बिल्डर म्हणाला.

अर्थ कळला तो आम्हा ब्रिज खेळणाऱ्या चौघांनाच. ब्रिजमध्ये पानं टाकायच्या आधी बोली लागते, की आम्ही इतके हात करून दाखवू. समोरच्यानं ऐपतीबाहेरची बोली लावली असं वाटलं, की 'डबल' म्हणायचं. म्हणजे, तुमच्यानं हे व्हायचं नाही, आणि नाही झालं तर दंड वाढवून भरा. दिवाळी आली आणि गेली. फराळाची ताटं आम्ही जिन्यानंच वरखाली नेली. 'मी म्हटलं नव्हतं?' असं भालेराव एकदाही म्हणाले नाहीत. बिल्डर दिसला की फक्त मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचे.

वसंत भालेराव पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर. निम्मी नोकरी खडकवासल्याच्या पाण्यावर नजर ठेवण्यात गेली, त्यामुळे जगातल्या सगळ्या प्रश्नांवर त्यांच्याकडे एकच उत्तर होतं. "धरणात बघा, मग कालव्यात सोडा." कुणी मुलाला महागड्या क्लासला घालायचं म्हटलं, कुणी बाल्कनी बंद करून खोली काढायची म्हटली, की हे वाक्य यायचंच. आणि ते दिवसच असे होते, की अख्खं कोथरूड धरणाकडे न बघता कालवे खणत होतं. पोरं आयटीत लागायची आणि पहिला पगार हातात पडायच्या आत फ्लॅट बुक करून मोकळी व्हायची. आम्ही बँकवाले व्हीआरएस घेऊन घरी बसलो होतो. सकाळी पोरांच्या कंपनीच्या बसेस बघायच्या आणि संध्याकाळी वॉचमनच्या खोलीमागे ब्रिज खेळायचा.

भालेराव माणसांनाही पॉइंट द्यायचे. ब्रिजमध्ये एक्क्याला चार, राजाला तीन, राणीला दोन, गुलामाला एक, आणि बारा-तेरा जमल्याखेरीज शहाण्यानं तोंड उघडू नये असा दंडक. माझ्या पुतणीला अमेरिकेतलं स्थळ आलं. मी मोठ्या हौसेनं फोटो दाखवायला नेला. भालेरावांनी फोटो लांब धरला, जवळ धरला आणि परत दिला.

"अकरा. पास."

"अहो, व्हिसा आहे त्याच्याकडे!"

"व्हिसा हा एक्का नव्हे, शिर्के. गुलाम आहे. तुम्ही चित्रं बघून भाळता."

हे शेवटचं वाक्य मी त्यांचा भिडू म्हणून वर्षानुवर्षं ऐकत आलोय. ब्रिजमध्ये भिडू समोर बसतो, पण त्याच्याशी बोलायची सोय नाही. तुमच्या हातात काय आहे ते त्यानं बोलीवरूनच ओळखायचं. म्हणून भालेरावांना चुकीची बोली ही भिडूशी केलेली फसवणूक वाटायची. डाव संपला की बाह्या सरसावून म्हणायचे, "चला, मुडदा घ्या टेबलावर." मग पोस्टमॉर्टेम सुरू.

"तीन इस्पिक कशावर म्हणालात?"

"वाटलं, होतील."

"वाटलं? मला वाटलं म्हणून मी धरणाचे दरवाजे उघडले असते, तर तुमची बँक वाहत जाऊन बंडगार्डनला सापडली असती!"

चिडायचो मी. पण खरं सांगायचं तर या माणसाइतकी स्वच्छ बोली मी कुणाची पाहिली नाही. सात पॉइंट असले तर सातच सांगणार, आठवा नाही. पुण्यातल्या जोड्यांची स्पर्धा तोंडावर आली होती. यंदा आपली जोडी बक्षीस आणणार, असं मी बायकोला सांगूनही टाकलं होतं.

स्पर्धेआधीच्या एका रविवारी सकाळी प्रवेशअर्जावर सही घ्यायला त्यांच्याकडे गेलो. भालेराव कॉम्प्युटरसमोर बसले होते. त्यांचा मुलगा निखिल तेव्हा अमेरिकेत होता. दहावीच्या सुट्टीत बापानंच त्याला ब्रिज शिकवला होता. रविवारी सकाळी, म्हणजे त्याच्याकडे शनिवारी संध्याकाळी, दोघं इंटरनेटवर भिडू म्हणून खेळत. कॉम्प्युटर त्यानंच घेऊन दिलेला, त्यावर वहिनींनी भरतकाम केलेलं झाकण. नेट चालायचं टेलिफोनच्या तारेवर, त्यामुळे खेळ चालू असला की फोन बंद.

मी मागे उभा राहिलो. निखिलनं एक बदाम म्हटलं. भालेरावांकडे मोजून सात पॉइंट आणि तीन फुटकळ बदाम. दोन बदाम म्हणून गप्प बसायचं, हे मीसुद्धा सांगितलं असतं.

भालेरावांनी सहा बदाम लावले.

सहा! म्हणजे तेरापैकी बारा हात आमचे. समोरच्यानं तत्काळ डबल दिलं. बदाम आधी निखिलनं म्हटलेले, म्हणून खेळायचं त्यानं; भालेरावांची पानं पडद्यावर उघडी झाली, आणि निखिल बिचारा चार हातांनी बुडाला. या माणसाच्या जिवावर मी स्पर्धेला निघालो होतो. म्हटलं, झालं, वय झालं.

"बुडालात का?" स्वयंपाकघरातून वहिनींनी विचारलं.

"चार हातांनी."

आतला गॅस बंद झाल्याचा आवाज आला. पडद्यावर निखिलचे शब्द उमटले. 'बाबा, हे काय? फोन करतो.' भालेरावांनी नेट तोडलं, फोन ओढून मांडीवर घेतला आणि त्यावर हात ठेवून बसले.

"भालेराव, अहो, सात पॉइंटवर सहा?"

"बरोबर बोललो की तो 'छान, बाबा' म्हणतो आणि जातो," ते फोनकडे बघत म्हणाले. "एरवी फोन केला तर 'बरे आहात ना, औषधं घेता ना' की संपलं. त्यालाही सुचत नाही, मलाही नाही. एकदा खरंच चुकलो, चुकीचं बटण दाबलं. फोन करून तासभर तापला माझ्यावर. तापता तापता मग सगळं सांगत बसला. शिर्के, पोरगं रागावलं की घरात असल्यासारखं बोलतं हो."

वहिनी पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. फोन वाजला.

निखिलचा आवाज मला खुर्चीत बसून ऐकू येत होता. "बाबा, अहो कशावर? तुम्हीच शिकवलं ना मला?" आणि भालेराव, ज्यांनी आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलं नाही ते भालेराव, "चुकलंच रे, परत सांग, नीट समजावून सांग," म्हणत होते. त्यांचा चेहरा इतका फुललेला मी कधी पाहिला नव्हता. हळूहळू पलीकडचा आवाज खाली आला. तिथली थंडी झाली, ऑफिसात कमी केलेली माणसं झाली. त्याच्या छोटीचा पहिला दात पडला होता, तो तिनं आजोबांना दाखवायला जपून ठेवला होता.

मग एकाएकी भालेरावांनी फोन माझ्यापुढे धरला. "शिर्के आलेत म्हटलं तर तुमच्याशी बोलायचंय त्याला."

"काका, खरं सांगा," निखिल म्हणाला, "बाबा तुमच्याबरोबरही असंच खेळतात का? मला काळजी वाटायला लागलीय."

भालेराव माझ्याकडे बघत होते. या माणसानं आपल्या बोलीला आयुष्यात बट्टा लागू दिला नव्हता. मला पास म्हणण्याची सोय नव्हती.

"अरे, काय सांगू तुला," मी म्हणालो. "पार वाया गेलेत. त्यांचा भिडू व्हायला कुणी तयार होत नाही. आम्ही सांगून थकलो. तुझंच काय ऐकतील ते ऐकतील. दर रविवारी फोन करून समजावत जा, बाबा."



"करतो, काका. दर रविवारी करतो. बाबांना नका सांगू मी विचारलं ते."

"छे, छे," मी म्हणालो आणि फोन वहिनींच्या हातात दिला. भालेराव उठून खिडकीशी गेले होते, आमच्याकडे पाठ करून.

"ऐकलं रे मी सगळं," वहिनी फोनमध्ये म्हणाल्या. "रागाव त्यांना. चांगला रागाव."