टोपीवाचून जॅकेट

लुबोमिर दाराशी आला आणि खुंटीकडे बघत उभाच राहिला. खुंटीवर जॅकेट नव्हतं.

“लिबुशे, इथलं जॅकेट कुठंय?”

“ब्लाझेनाताई घालून गेली की अळंब्यांना,” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. “रात्री पाऊस पडून गेलाय. ती थांबतेय होय!”

“माझं म्लोक?”

“दाराच्या खुंटीवर होतं ते.”

रानाकडच्या सगळ्या घरांचा तो नियमच होता. कपाटातले कपडे ज्याचे त्याचे. दाराच्या खुंटीवरचे, लष्कराने विकून टाकलेले जुने कोट मात्र अळंब्यांना निघेल त्याचे. डांबरगोळ्यांचा वास जावा म्हणून त्यानेच काल ते तिथे अडकवलं होतं.

म्लोक म्हणजे सॅलॅमँडर, पालीसारखा ठिपकेदार प्राणी. त्याच्या पाठीवर असतात तसे डाग असलेलं ते छत्रीधारी सैनिकांचं जॅकेट होतं. विसाव्या वर्षी लुबोमिरने तसलंच घातलं होतं आणि सेवा संपल्यावर घडी घालून परत केलं होतं. पुढे लष्कराची गोदामं रिकामी झाली, बाजारात कपड्यांचे ढीग लागले. ते उपसता उपसता तो म्हातारा झाला, तेव्हा कुठे हे हाती आलं. अस्तरावरचा शिक्का, शिवणीचा दोरा, सगळं अस्सल. फक्त कॉलरला बटणांनी जोडायची टोपी नव्हती. ती होती व्हिलेमकडे, त्याच्याच तुकडीतल्या मित्राकडे. जॅकेट पसंत पडलं तर टोपी देईन, असं कबूल करून तो आज येणार होता. आणि व्हिलेम मळलेल्या कपड्याला हात लावत नसे.

लुबोमिर रानात धावला. “ब्लाझेना! अगं ए ब्लाझेना!”

अर्धं रान लष्करी कपड्यांतच वाकलेलं होतं. लांबूनच तो एकेकाला ओळखत होता: ही रेघारेघांची पूर्व जर्मनी, हा डोंगरी तुकडीचा इटालियन कोट. मेहुणी तेवढी दिसेना. तेवढ्यात व्हिलेम पोचला आणि तोही हाका मारू लागला.

इथेच घोटाळा झाला. एकाची हाक ब्लाझेनाने ऐकून सोडली होती. दोघांची ऐकल्यावर तिची खात्री पटली, की हे आपली जागा हुडकायला आलेत. ती जागा तिने नवऱ्याला त्याच्या शेवटच्या दुखण्यातही सांगितली नव्हती. ती स्प्रूसच्या फांद्यांखाली उकिडवी बसली. दोघे हातभर अंतरावरून ओरडत गेले. जॅकेटने आपलं काम चोख बजावलं.

“जॅकेट आहे तरी का रे?” व्हिलेमने विचारलं. “की नुसतीच थाप?”

“तुझी शपथ!”

“माझी कशाला? मेहुणीची घे.”

दुपारी ब्लाझेना परतली. टोपली भरून वर गाठोडंही होतं. बाह्यांना गाठी मारून तिने जॅकेटचंच गाठोडं केलं होतं.

“काय ओरडत होतात रे?” तिने आत शिरताच झाडलं. “सगळं गाव माझ्या जागेवर आणून बसवलं असतंत!”

चिखल, चीक, रानफळांचे जांभळे डाग. लुबोमिरने गाठी सोडवल्या. व्हिलेमने खिशातून भिंग काढलं, शिक्का पाहिला. मग भिंग बाजूला ठेवून त्याने जॅकेट नाकाशी नेलं.

“आपल्या छावणीचा वास आहे रे हा,” तो म्हणाला. “माझ्याकडे तीन कपाटं भरलीत, पण एकाही कोटाला असा वास नाही.”

त्याने पिशवीतून टोपी काढली. लुबोमिरने हात पुढे केला, तशी व्हिलेमने ती मागे घेतली.

“देतो. पण मला अळंब्यांची ती जागा बघायचीय.”

“मेले तरी नाही!” ब्लाझेना म्हणाली.

“ब्लाझेना,” लुबोमिरचा आवाज बारीक झाला, “अगं, उभा जन्म गेला माझा त्या टोपीपायी.”

तिने त्याच्याकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं.

“व्हिलेम, घाल ते अंगात.”

तिनेच टोपी कॉलरला लावली. एकेक बटण आपापल्या भोकात बसलं. मग तिने ती टोपी दोन्ही हातांनी ओढून व्हिलेमच्या हनुवटीपर्यंत आणली.

“आता चल. आणि ठेच लागली तर बोंबलायचं नाही.”

हात धरून तिने त्याला रानाकडे नेलं. लुबोमिर पायरीवर उभा राहिला. पुरं झालेलं जॅकेट जात होतं. पाठमोरा व्हिलेम विशीतल्या कुणासारखाही दिसत होता. झाडांशी पोचताच दोघे दिसेनासे झाले.

“लिबुशे, तुला दिसतायत का गं?”

बायकोने हात पुसत डोकावून पाहिलं. “छे. कुठंच नाहीत.”

“अस्सल आहे,” लुबोमिर म्हणाला.