मि की मु?

आमच्या छापखान्यातले मुद्रितशोधक अप्पा परब स्वतःच्या लग्नपत्रिकेतली चूक दुरुस्त करायला बोहल्यावरून उठले होते, असं सगळे सांगत. मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, "बोहल्यावरून नव्हे, मांडवातून. सांगायचं तर नीट सांग."

मी गिरगावात त्यांच्याबरोबर छपाईचे खिळे जुळवायचो आणि डिलाईल रोडला त्यांच्याच चाळीत राहायचो. म्हणजे माझी सुटका कुठेच नव्हती. अप्पा प्रूफ उभ्याने वाचत. दोन ओळी झाल्या की खिडकीपर्यंत चक्कर.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. एका प्राध्यापकांचं दैवतकथांवरचं पुस्तक छपाईला आलं. त्यात एक ग्रीक शब्द एका पानावर 'मिथॉस' होता, दुसऱ्यावर 'मुथॉस'. अर्थही तीन दिलेले: आधी तोंडचा शब्द, मग गोष्ट, मग खोटी गोष्ट.

"अर्थ तीन असू देत," अप्पा म्हणाले. "पण मि की मु?"

प्राध्यापक म्हणाले, काहीही ठेवा. अप्पांना जेवण जाईना.

माझगावच्या एका म्हाताऱ्या पाद्रीबाबांना ग्रीक येतं, असं त्यांना कळलं. त्यात दुसऱ्या दिवशी हरताळ, आणि अप्पा तापाने फणफणलेले. गिरणी बंद, म्हणून त्यांचा धाकटा भाऊ वसंता घरीच होता. वसंता बोलताना अडखळायचा, त्यामुळे चारचौघांत तोंडच उघडत नसे. अप्पांनी चिठ्ठी लिहून त्यालाच पिटाळलं. वाटेत लाठीमार झाला. गर्दी पळाली, वसंता खाली पडला आणि पाय मोडून घेऊन परत आला.

संध्याकाळी चाळ म्हणाली, वसंता मोर्चात होता. दुसऱ्या दिवशी तो सर्वांत पुढे होता. रविवारपर्यंत त्याने घोषणाही दिल्या होत्या. वसंताने, घोषणा! जिन्यात त्याला वाटही न देणारे लोक शिरा घेऊन खाटेशी बसू लागले.

ते पुस्तक मी सगळीकडे 'मिथॉस' लावून पुरं केलं. अप्पांनी न वाचता सही केली.

"त्याला मी धाडला रे," ते मला म्हणाले. "एका उकारासाठी."

"मग सांगा ना लोकांना."

"सांगणारच आहे. ऐकवत नाही मला."

त्या रविवारी शेजारचे नाना पाहुण्यांना सांगत होते, "काय आवाज लागला होता आमच्या वसंताचा. अगदी खणखणीत."

अप्पा खाटेशी गेले. वसंताने घाबरून त्यांच्याकडे पाहिलं. अप्पांनी त्याच्या पायाखालची उशी सारखी केली आणि नानांना म्हणाले, "थांबलात का? सांगा पुढे."

पण पुढचं वसंताच सांगायला लागला. पहिल्याच शब्दावर अडला. खोली माणसांनी भरली होती. कोणीच तो शब्द पुरा करून दिला नाही. सगळे थांबले.