देवस्थळी बाईंचं नाक

देवस्थळी बाई माणसाला आधी हुंगत आणि मग बघत. मुलुंडच्या त्या मसाल्याच्या कारखान्यात मी पहिल्या दिवशी गेले, तेव्हा त्यांची पाठ माझ्याकडे होती. मी दारात नीट उभीही राहिले नव्हते. त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "पावडर लावलीयस. केसांत मोगरा. सकाळी कांद्याचं थालीपीठ. गजरा वॉचमनकडे ठेव, तोंड धुऊन ये, मग नाव सांग."

मी गजरा ठेवला, तोंड धुतलं, परत आले. नाव विचारायचं त्या विसरल्या, त्या कायमच्याच. त्या दिवसापासून मी त्यांची 'मोगरा'. आणि मोगऱ्याला कारखान्यात बंदी.

ती माझी पहिली नोकरी. नुकतीच बी.एस्सी. झाले होते, म्हणजे माझ्या मते जवळजवळ शास्त्रज्ञच. भांडुपला आमच्या बिल्डिंगमध्ये आईने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आमची सुलू प्रयोगशाळेत लागली. मी पदरमोड करून पांढरा कोट शिवून घेतला होता, पेनं लावायला खास खिसा ठेवून. माझी नात हे ऐकून सोफ्यावर लोळते. हसू दे. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक औषधालाही नव्हता. होत्या स्टीलच्या वाट्या, कोमट पाणी, बिनमिठाचा भात आणि देवस्थळी बाई. पाणी तापवायचा स्टोव्हसुद्धा बाहेर व्हरांड्यात, कारण रॉकेलचा वास बाईंना खोलीत चालत नसे.

काम सांगायला सोपं होतं. मिरच्या, धने, हळद, जे काही पोत्यांतून येई त्याचा नमुना आमच्या टेबलावर. हुंगायचं, पाण्यात भिजवून चाखायचं आणि ठरवायचं. बाईंनी मान डोलावली की ट्रक रिकामा व्हायचा. नाही डोलावली की आल्या वाटेने परत. खरेदी बघणारे गोरे आडनावाचे गृहस्थ त्यांच्यावर कायम दात खाऊन असत, कारण परत जाणारी पोती गोऱ्यांनी आणलेली असत.

बाईंचे नियम दोन. नाक थकलं की स्वतःच्या दंडाचा वास घ्यायचा. "दहा घरं हिंडून आलेलं नाक आधी आपल्या घरी आणायचं," असं त्या म्हणत आणि काम करता करता ब्लाउजच्या बाहीत नाक खुपसत. बाहेरच्याला वाटावं, बाई रडतायत.

दुसरा नियम खास माझ्यासाठी. हुंगताना माझ्या भुवया वर जायच्या, नाकपुड्या फुलायच्या, ओठ वाकडे व्हायचे. बाई लगेच, "चेहरा बंद ठेव. तुझं थोबाड बघून मी ठरवायचं, तर कंपनीने दोन नाकं कशाला ठेवलीत?"

मी घरी आरशासमोर चेहरा बंद ठेवायचा सराव करायला लागले. आईला वाटलं, मला कुणीतरी नकार दिलाय. तिने दोन-तीन दिवस गुपचूप शिरा केला. मी गुपचूप खाल्ला.

मध्येच बाई आजारी पडल्या. सणसणीत ताप, रजा, आणि परत आल्या त्या जरा बदलूनच. पूर्वी वाटी आली की पहिलं नाक त्यांचं. आता म्हणायला लागल्या, "मोगरा, तू आधी." मी हुंगायची, त्या समोर उभ्या. मग त्या हुंगायच्या आणि निकाल द्यायच्या. चेहऱ्यावरून ओरडणंही बंद झालं. मला कायम करायचे दिवस जवळ आले होते, तेव्हा मी सरळ अर्थ लावला की माझी परीक्षा चालू आहे आणि चेहरा एकदाचा बंद झाला आहे. आईलाही तसं सांगून टाकलं. अक्कल तेव्हा माझ्याकडे वरच्या मजल्यावरच्या नळाला पाणी येतं तेवढीच यायची.

मग तो बोंबलांचा दिवस उजाडला.

पॅकिंगमध्ये हिरा नावाची कोळीण होती. तिच्या घरचा मासळीचा धंदा. आमची आई मालवणची. सकाळी निघताना तिने आणायला बजावलं होतं, "येताना हिराकडचे सुके बोंबील हाड गो." हिराने संध्याकाळऐवजी सकाळीच कागदात गुंडाळलेला पुडा माझ्या हातात कोंबला, "घे गो, कडक हायेत," आणि पळाली. वॉचमनकडे ठेवायला गेले, तर तो माळकरी. त्याने पुड्याकडे बघून हात जोडले. घंटा झाली. पुडा पर्समध्ये, पर्स खांद्याला, आणि मी सरळ त्या खोलीत, जिथे मोगऱ्याला बंदी होती.

पर्स टेबलाखाली सरकवली. माझं मलाच सुचेनासं झालं होतं, एवढा वास. बाई आल्या. माझ्या शेजारी बसल्या. चाव्या खाली पडल्या म्हणून वाकल्या, पर्सच्या इतक्या जवळ की पदर तिला लागला. मी डोळे मिटून घेतले. नोकरी गेली, कोट वाया गेला, आई आता बिल्डिंगला काय सांगणार.

बाईंनी चाव्या उचलल्या, उठल्या आणि म्हणाल्या, "आज हळद आधी घेऊ."

मला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा नोकरीची भीती कुठल्या कुठे गेली आणि तिच्या जागी दुसरीच आली. बाईंना वास येत नव्हता. तापानंतर आलाच नव्हता. इतके दिवस त्या वाटी नव्हे, मला वाचत होत्या.

हे गोऱ्यांच्याही लक्षात आलं होतं. आदल्या दिवशी कँटीनमध्ये दूध करपलं, सगळे पदर नाकाला लावून बाहेर पळाले आणि बाई शांतपणे तिथेच चहा पीत बसल्या. गोऱ्यांनी ते कारखान्याच्या मालकांना, शेठना, जाऊन सांगितलं. बोंबलांच्याच दिवशी दुपारी दोघेही आमच्या खोलीत हजर; तोवर मी पर्स कोटात घट्ट गुंडाळून टेबलाखाली लांब सारली होती. गोऱ्यांच्या हातात फडक्याने झाकलेल्या दोन वाट्या, दोन्हींत धने. शेठ कधी आवाज चढवत नसत, ते म्हणाले, "बाई, यातल्या एका वाटीतले खराब आहेत. कुठले ते सांगा. नाही सांगता आलं तर उद्यापासून येऊ नका. मला बाजारात नाव सांभाळायचंय."

बाई पन्नाशीच्या पुढच्या. घरी कुणी नाही. या कामाशिवाय दुसरं काही येत नाही. त्यांनी पदर खोचला. "आधी ही हुंगेल. शिकाऊ आहे, रोजची पद्धत आहे."

"ती काही बोलणार नाही," गोरे म्हणाले.

"ती कधीच बोलत नाही," बाई म्हणाल्या.

पहिली वाटी. स्वच्छ, गोडसर धने. दुसरी. वरवर धनेच, पण तळाशी काहीतरी उग्र. रॉकेल. पोती ट्रकमध्ये डब्यांच्या शेजारी ठेवलेली असणार. मी मान वर केली. बाई माझ्याकडे बघत होत्या, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघावं तसं, सहज. आणि माझा चेहरा उघडेना. इतके महिने आरशासमोर घोटलेला तो बंद चेहरा नेमका तेव्हा कुलूप घालून बसला. ओठ हलेनात, भुवई हलेना. गोरे बाईंच्या नाकाकडे टक लावून होते. बाई पहिल्या वाटीवर वाकल्या, मग दुसऱ्या, आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. या वेळी त्या नजरेत घड्याळ नव्हतं.

मी टेबलाखाली पायानेच पर्स जवळ ओढली, वरचा कोट सरकवला आणि खोल श्वास घेतला. हिराचे बोंबील कामाला आले. नाक फुललं, भुवया वर गेल्या, ओठ कानापर्यंत वाकडे झाले. आणि हे सगळं मी दुसऱ्या वाटीकडे बघत केलं.

"ही," बाई म्हणाल्या.

"कसला वास येतोय?" गोऱ्यांनी विचारलं.

हे मात्र कुणी ठरवलं नव्हतं. बाईंचा हात वाटीच्या काठावर तसाच राहिला. मी मान वळवून दारातून व्हरांड्याकडे बघायला लागले. तिथल्या स्टोव्हकडे. मानेला लचक भरेपर्यंत बघत राहिले.

"रॉकेल," बाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी पोती कशाशेजारी ठेवता ते बघत जा, गोरे."

शेठ मान हलवून गेले. मागोमाग गोरे गेले. बाईंनी दार लावलं, बाहीत नाक खुपसलं आणि तशाच उभ्या राहिल्या. बाहेरच्याला वाटलं असतं, बाई रडतायत. मी चेहरा बंद ठेवला.

यावर आम्ही कधी बोललो नाही. मी कायम झाले. दिवाळीपर्यंत प्रत्येक वाटी मी हुंगली आणि मान त्यांनी डोलावली. दिवाळीला त्या स्वतःहून निवृत्त झाल्या. शेठना एवढंच म्हणाल्या की मोगरा तयार झालीय. शेठनी विचारलं, ही मोगरा कोण.

शेवटच्या दिवशी त्या मला चेंबूरला आपल्या घरी घेऊन गेल्या. मला वाटलं, फराळाला. कुलूप उघडलं, पण मला उंबरठ्यावरच थांबवलं आणि स्वतः आत जाऊन खिडकीपाशी माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"हुंग," म्हणाल्या. "माझ्या घराला कसला वास येतो गं? शेजारचे तोंडावर सांगायचे नाहीत. आत यायचंच टाळतील."

मी हुंगलं. माझा चेहरा व्हायचा तसा झालाच.

"चेहरा नको," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "आज तोंडाने सांग."

"कापूर आहे," मी म्हटलं. "खोबरेल तेल आहे. आणि दूध करपलंय थोडं."

"वाटलंच मला. आणखी?"

"आणखी धने, बाई. तुमच्या साड्यांना आहे. पडद्यांनासुद्धा. सगळ्या घराला आपल्या खोलीचा वास आहे."

त्या वळल्या नाहीत. हळूच दंड नाकाशी नेला आणि बराच वेळ तिथेच धरून राहिल्या.