ही बॅग कोणाची

आईला व्हीलचेअरवर बसवून विमानतळाच्या लाउंजमध्ये आणलं, तेव्हा तिचे पाय ठणठणीत होते. खुर्ची थोरल्यानं मागितली होती, कारण खुर्चीवाल्यांना रांगेत उभं राहावं लागत नाही. कोणी विचारलं तर गुडघे दुखतात म्हण, असं त्यानं तिला पढवलं होतं. त्याच्या घरी सहा महिने जिने चढउतार करताना त्या गुडघ्यांची कोणी चौकशी केली नव्हती.

आज तिची बदली होती. सहा महिने थोरल्याकडे, सहा महिने धाकट्याकडे, ही वाटणी घर विकलं त्याच दिवशी ठरली. घराची वाटणी एका दुपारी उरकली, आईची अजून चालूच होती. एकमेकांच्या घरची पायरी चढायची नाही, म्हणून मधल्या शहरातला विमानतळ ठरला. थोरल्यानं इथवर आणायचं, धाकट्यानं इथून न्यायचं. थोरल्याच्या कार्डावर लाउंजमध्ये दोघांना फुकट बसता येत होतं. फुकट असलं की त्याला आईसुद्धा चालायची.

इतक्यात धाकट्याचा फोन आला. तिकडे दाट धुकं आहे, विमान जागचं हललेलंच नाही, असं तो म्हणत होता.

"माझं परतीचं विमान बाराला आहे," थोरला दात चावत म्हणाला. "तोवर आला नाहीस तर हिला इथंच ठेवून जाईन. सांगून ठेवतो."

आईनं समोर पाहिलं. कॉफीच्या मशीनशेजारच्या जाड खांबाआडून एक पाय दिसत होता, आणि तो सारखा हलत होता. शाळेत असताना अभ्यासाला बसला की असाच हलायचा. किती चापट्या मारल्या होत्या तिनं त्या गुडघ्यावर. धुकं कसलं नि काय, धाकटा खांबामागे बसून फोनवर कुजबुजत होता. न्यायलाच आला असेल, तिला वाटलं. ऐन वेळी अवसान गळालं असेल. थोरल्याचं विमान सुटेपर्यंत दडून राहिलं की आई आपोआप परत.

ती त्या पायाकडे बघत बसली.

जरा वेळानं थोरला "आलोच" म्हणून उठला आणि काचेपलीकडच्या पाय दाबणाऱ्या मशीनवर जाऊन बसला. तोंडासमोर वर्तमानपत्र धरलं, तेही उलटं. बारा वाजले की तिथूनच सटकायचा बेत असणार. आता आईला दोघंही दिसत होते. त्यांना मात्र एकमेकांचा पत्ता नव्हता.

बसून बसून ती कंटाळली. उठली आणि आपल्या पायांनी बाथरूमकडे गेली. रिकामी खुर्ची आणि तिच्याशेजारची तपकिरी बॅग पाहून रखवालदारानं लगेच वर कळवलं.

आई हात धुत होती, तेव्हा स्पीकर बोलू लागला. तपकिरी रंगाची बेवारस बॅग सापडली आहे, ज्यांची असेल त्यांनी ताबडतोब पुढे यावं. तिनं दार किलकिलं केलं. दहा पावलांचं तर काम होतं. पण ती थांबली. बघू तरी, कोण आपली म्हणतंय.

कोणीच म्हणेना. ती बॅग थोरल्यानं त्याच सकाळी स्वतः उचलून आणली होती. धाकट्यानं तीच बॅग कितीदा दारात उतरवून घेतली होती. पण बॅग घ्यायची म्हणजे बॅगवालीही घ्यायची. स्पीकर चार वेळा ओरडला. मग लाउंज रिकामं करायला सुरुवात झाली. घाईत बाथरूममध्ये कोणी डोकावलंच नाही. लोक अर्धवट सूप टाकून पळाले आणि त्या रेटारेटीत दोघं भाऊ दारात एकमेकांवर आदळले.

"दादा, आत्ताच उतरलो बघ."

"धुकं लवकर उठलं रे."

इन्स्पेक्टरनं दोघांना हटकलं. बॅग तुमची का? दोघांनी एकदमच मान हलवली, नाही. घर विकल्यापासून त्यांचं एकमत झालं ते हे पहिलंच. मग कुत्रं आलं, जाड अंगरखा घातलेला माणूस आला, उड्डाणं थांबली. बारा वाजून गेले.

तेव्हा कुठे आई बाहेर आली. सरळ चालत गेली आणि तिनं बॅग उचलली.

"ठेवा ती खाली," इन्स्पेक्टर किंचाळलाच.

"का? माझी आहे. कपडे नि गोळ्या आहेत आत."

"आजी, चार वेळा विचारलं स्पीकरवरून. ऐकू आलं नाही?"

"आलं की. चारही वेळा ऐकलं."

इन्स्पेक्टरनं कपाळाचा घाम पुसला. "बरोबर कोण आहे तुमच्या?"

आईनं दाराकडे पाहिलं. थोरला छताचे दिवे बघत होता. धाकटा बुटाची नाडी बांधत होता, सुटलेली नसताना.

"कोणी नाही," ती म्हणाली. "पण त्या नाडीवाल्या साहेबांच्या खिशात माझं तिकीट निघेल. आणि त्या दिवे मोजणाऱ्यांकडे माझं ओळखपत्र. कसं गेलं, तुम्हीच विचारा."

दोघांना दंडाला धरून आत नेलं. लाउंज पुन्हा सुरू झालं. काउंटरवरच्या मुलीनं आज कार्ड-बिर्ड काही विचारलं नाही, स्वतः गरम सूप आणून दिलं. आई व्हीलचेअर बाजूला सारून सोफ्यावर बसली.

बऱ्याच वेळानं इन्स्पेक्टर परत आला. आता त्याचा आवाज खाली आला होता. "आजी, ते दोघं आत रडकुंडीला आलेत. म्हणतात, ही आमचीच आई. खरं का?"

आईनं सुपावर फुंकर घातली.

"बसा जरा," ती म्हणाली. "विचार करून सांगते."