भिंतीतला पेशंट

पहिली किंकाळी आली तेव्हा दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत पेशंट नव्हताच. खुद्द डॉक्टरच तिच्यात आडवे होऊन, दिवा डोळ्यांवर येतो का ते बघत होते. आवाज मात्र असा, की कुणाची तरी दाढ भूल न देता उपटली जातेय आणि माणूस आता काही वाचत नाही. ते धडपडत बाहेर आले. बाहेर थांबलेला गृहस्थ बायकोला घेऊन जिना उतरायला लागला होता. सुजलेल्या गालावरचा हातसुद्धा त्याने काढला होता.

"अहो, थांबा! आत कोणी नाहीये!"

"राहू दे डॉक्टर, दुखायचं थांबलं," गृहस्थ खालूनच म्हणाला.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मोठ्या हॉस्पिटलातली चांगली चाललेली नोकरी सोडून त्यांनी हा दवाखाना थाटला होता. निघताना तिथले साहेब गोड हसून म्हणाले होते, "जा हो, हौस करून घ्या. तुमची जागा मी कुणाला देत नाही." दवाखाना चालला नाही, तर त्याच साहेबांपुढे मान खाली घालून उभं राहायचं होतं. नुसत्या विचाराने डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळायचं.

बाहेरच्या टेबलावर त्यांची आत्या बसायची. तिला कुणी बसवलं नव्हतं, ती आपणहून बसली होती. तिने या प्रकारावर तोडगा काढला. दुसऱ्या दिवशी एक बाई आल्या, तेव्हा आत्याने आतलं दार सताड उघडलं.

"या, डोळ्यांनी बघा. खुर्ची रिकामी, डॉक्टर मोकळे. आम्ही कुणाला छळत नाही!"

बाईंनी डोकावून बघितलं. नेमकी त्याच क्षणी रिकाम्या खोलीतून किंकाळी उठली. बाईंची चप्पल दारातच राहिली.

"झालं!" डॉक्टर म्हणाले. "काल निदान पेशंटच्या नावावर खपलं होतं. आता म्हणतील, डॉक्टर भूत पाळून आहे!"

मग त्यांनी भिंतीला कान लावला. आवाज तिच्यातूनच येत होता. हात लावला तर भिंत चक्क थरथरत होती. आतून पाण्याचा पाइप वर गेलेला होता आणि वरच्या मजल्यावर एक काकू राहत होत्या. डॉक्टर वर गेले. काकू भांडी घासत होत्या. त्यांनी नळ सोडला की खालून आत्या ओरडायची, "आला गं बाई!" आणि बंद केला की गप्प व्हायची. काकूंना फार वाईट वाटलं.

"अहो, माझ्या नळापायी तुमचे पेशंट पळतात? आजपासून अगदी बारीक सोडते बघा नळ. तुम्ही निर्धास्त जा."

त्यांनी शब्द पाळला, आणि तिथेच घात झाला. धार बारीक झाली तसा आवाजही बारीक झाला, पण थांबेना. आधी किंचाळणारी भिंत आता भांडी संपेपर्यंत कण्हायला लागली.

"आधी वाटायचं, दाढ काढतायत," आत्या म्हणाली. "आता वाटतं, काढून झाली आणि माणूस काही शुद्धीवर येत नाही."

डॉक्टरांनी प्लंबरला फोन केला. प्लंबर आज येतो, उद्या येतो करत राहिला. शेवटी डॉक्टर चिडले, तेव्हा तो चाचरत म्हणाला, "येतो साहेब, पण काम वरच्या मजल्यावर ना? तुमच्या खोलीत पाय ठेवायला लागणार नाही ना?"

तो आला तो नेमका जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका येणार त्या दिवशी. सगळ्या शाळेचे दात तपासून घ्यायचे होते, आणि ते कुठे, हे ठरवायला बाई स्वतः येणार होत्या. प्लंबर परस्पर वर गेला. बाई वेळेच्या आधीच येऊन बाहेरच्या खुर्चीवर टेकल्या, आणि वर त्याने नळ चालू केला. भिंतीने असा काही टाहो फोडला की डॉक्टरांची पाचावर धारण बसली.

आत्या मात्र डगमगली नाही. "पाइप आहे हो, पाइप," म्हणत तिने झाडूच्या दांड्याने छताला ठोकलं. "काकू! बंद करा!" आवाज थांबला. "सोडा!" आवाज सुरू.

बाई ताडकन उठल्या. पळायला नव्हे. त्यांनी दोन्ही तळवे भिंतीला टेकवले.

"अय्या! काय सुरेख थरथरतंय! मी विज्ञान शिकवायचे हो. ते बघा, टेबलावरच्या पेल्यातल्या पाण्यावर कशी वर्तुळं उठतायत. पुन्हा सोडायला सांगा बरं!"

पुन्हा सोडलं. पुन्हा बंद केलं. तेवढ्यात आणखी काही पेशंट आले, तर बाईंनी त्यांनाही पेल्याभोवती उभं केलं आणि शिकवायला घेतलं. डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. इतकी माणसं त्यांच्या दवाखान्यात कधी हसली नव्हती.

थोड्या वेळाने प्लंबर दारात आला आणि पेल्यात गुंगलेल्यांना कळायच्या आत डॉक्टरांच्या कानाशी पुटपुटला. "वॉशर झिजलं होतं साहेब. नळ सोडला की फडफडायचं, अन् सगळा पाइप घुमायचा. नवीन टाकलं. आता जन्मात आवाज यायचा नाही." बोलताना त्याचा एक गाल टम्म फुगलेला दिसत होता.

"हे काय? किती दिवस अंगावर काढताय?" डॉक्टरांनी त्याचा दंडच धरला आणि त्याला आत नेऊन खुर्चीत बसवलं. दार लोटलं. नुसता आरसा ओठांपाशी नेला मात्र, प्लंबरने अशी बोंब ठोकली की ट्रेमधली हत्यारं वाजली.

डॉक्टर जागच्या जागी गोठले. संपलं! आता बाहेर खुर्च्या सरकणार, जिना वाजणार. आणि साहेब म्हणणार, आलात ना परत?

बाहेरून बाईंचा शांत आवाज आला. "बसा, बसा सगळे. पाइप आहे तो. हं, पेल्यात बघा."

"बघतोय की. या खेपेला काही हललं नाही," कुणीतरी म्हणालं.

"लांबून आला असेल," बाई म्हणाल्या.

कुणी उठलं नाही. डॉक्टरांनी धीर करून सुई दिली. प्लंबर आणखी दोनदा बोंबलला आणि बाहेरचा वर्ग दोन्ही वेळा समजूतदारपणे माना डोलावत राहिला. दाढ निघाली. कापूस दाबून धरलेल्या प्लंबरला घेऊन डॉक्टर बाहेर आले. खरं सांगून टाकावं म्हणून त्यांनी तोंडसुद्धा उघडलं होतं, पण बाई आधी बोलल्या.

"डॉक्टर, ठरलं. सगळी शाळा तुमच्याकडेच पाठवते. फक्त एक करा. खुर्चीत बसवायच्या आधी प्रत्येक मुलाला हा पाइप ऐकवा. आवाज कशाचा आहे ते कळलं, की मुलं अजिबात भीत नाहीत."

डॉक्टरांनी हळूच प्लंबरला कोपऱ्यात घेतलं.

"अहो, ते झिजलेलं वॉशर टाकून नाही ना दिलंत?"