त्यांना निळा आवडतो

अर्बेई ओसोरियोला या पेटीतून मिळवायचं होतं ते असं: मॉलच्या पार्किंगमधल्या पहारेकऱ्याच्या टोपीतून सुटका, लोंदोन्यो यांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात खिडकीशेजारी एक टेबल, आणि सासूच्या घरात राहूनही मान वर करून जेवायची सोय. लोंदोन्योंनी जाहीर केलं होतं की शनिवारी मॉलमध्ये भरणाऱ्या प्रदर्शनात ज्याची कॉम्प्युटरची पेटी सगळ्यांत देखणी ठरेल, त्याला दुकानात बसवून गिऱ्हाइकांच्या पेट्या सजवायचं काम देऊ. अर्बेईचं भांडवल बेताचंच होतं. एका बाजूला काच असलेली लोखंडी पेटी, चिकटवायच्या व्हिनाइलचे रोल, स्प्रेचे डबे आणि बायकोचा केस वाळवायचा ड्रायर. ड्रायर तिला न विचारता घेतलेला होता, त्यामुळे तो भांडवलात धरायचा की कर्जात, हे अजून ठरायचं होतं.

पेटी बाहेरून कोणीही सजवतो. अर्बेईचा जीव आतल्या बाजूत होता. आतला पत्रा घासायचा, स्पिरिटने पुसायचा, प्रायमर मारून वाळू द्यायचा, मग रंगाचे पातळ हात. सपाट भागांवर व्हिनाइल, ड्रायरने ऊब देत, बँकेच्या जुन्या कार्डाच्या कडेने हवा बाहेर ढकलत. ज्या माणसाला भिंतीत सरळ खिळा ठोकता येत नाही असं सासूबाई शेजारीपाजारी सांगत, तो माणूस पेटीच्या कोपऱ्यात व्हिनाइल असं बसवी की सांधा बोटाला लागू नये.

सासूबाईंचं नाव ओब्दुलिया, मानाने दोन्या ओब्दुलिया. डोंगरातल्या कालार्का गावात त्यांना सगळे ओळखत, कारण त्यांचा नवरा एवेलियो गावातली सर्वांत जुनी जीप चालवायचा. कॉफीची पोती, केळ्यांचे घड, शाळेतल्या मास्तरणी, लग्नातले पलंग, सगळं त्याने डोंगरावरून खाली आणि खालून वर वाहिलं. चार वर्षांपूर्वी तो गेला आणि दफनभूमीच्या भिंतीतल्या एका मोठ्या कोनाड्यात त्याला ठेवलं. ती जागा भाड्याची असते आणि मुदत संपली की पुढच्याला द्यावी लागते. आता मुदत संपली होती. दफनभूमीच्या कचेरीतल्या बाईने ओब्दुलियांना सांगितलं की गुरुवारी कोनाडा उघडणार, घरच्यांनी हाडांसाठी पेटी घेऊन यावं, म्हणजे ती लहान कोनाड्यात कायमची ठेवता येतील. पेटी आली नाही तर हाडं सगळ्यांच्या खड्ड्यात जातील.

ओब्दुलियांनी हे मुलीला, नेल्सीला सांगितलं. नेल्सी शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात शिवणकाम करायची आणि उरलेलं घरी आणायची. वडिलांच्या हाडांचा विषय निघाला की तिचे डोळे भरायचे, आणि डोळे भरले की टीप वाकडी जायची. तेव्हा तिने मशीनवरून मान न उचलता म्हटलं, "अर्बेई बघतोय ना."

अर्बेई काहीच बघत नव्हता. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. नेल्सी म्हणाली आणि विसरली. आई पुन्हा बोलली नाही, तेव्हा तिने धरलं की आईने काहीतरी सोय केली असणार. आईने धरलं की जावई बघतोय. घरात एवढा विश्वास एकाच वेळी कधी नांदला नव्हता.

सोमवारी ओब्दुलिया मागच्या परसात धुणं वाळत घालत होत्या. भिंतीपलीकडे अर्बेई मित्राशी फोनवर बोलत होता. पेटी आतून पूर्ण काळी करतोय, वर लाल पट्टा, एका बाजूला काच, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला आतलं दिसेल, कडेने दिवे, आणि जाळ्या मोकळ्या ठेवणार, कारण वारा खेळला नाही तर आतलं तापतं.

ओब्दुलियांच्या हातातली चादर तशीच राहिली. जावई खरंच बघत होता. नुसती विकतची पेटी नाही, स्वतःच्या हाताने करत होता. काच त्यांना जरा जास्त वाटली. तापायची काळजी तर अगदीच भाबडी होती; चार वर्षांनी काय तापणार. पण काळा आणि लाल हे काही त्यांना सहन होईना. त्या भिंतीला वळसा घालून गेल्या.

"काळा नको," त्या म्हणाल्या. "त्यांना निळा आवडतो."

अर्बेईच्या हातातला स्प्रे खाली आला. त्यांना म्हणजे प्रदर्शनाच्या परीक्षकांना, लोंदोन्यो वगैरेंना, दुसरं कोणाला? आणि सासूबाईंना परीक्षकांची आवड कशी ठाऊक, हेही त्याला लगेच उमगलं. लोंदोन्योंची म्हातारी आई रविवारी चर्चमध्ये ओब्दुलियांच्याच बाकावर बसायची.

"तुम्हाला कसं कळलं?" त्याने खात्रीसाठी विचारलं.

"मला नाही कळणार? रोज बोलते मी त्यांच्याशी."

"मग ते काय म्हणतात?"

"काय म्हणणार. ऐकून घेतात."

अर्बेईने त्याच दिवशी काळा रंग बाजूला ठेवला आणि निळा आणला.

पुढचे दिवस त्या घराने कधी पाहिले नव्हते असे गेले. सकाळी अर्बेईच्या ताटात अंडं आलं, दुपारी बीन्सबरोबर डुकराच्या कातडीचा कुरकुरीत तुकडा आला, तोही मोठा. एरवी ओब्दुलिया त्याला "ए, ऐक" एवढ्याच नावाने हाक मारायच्या. आता त्या शेजारी स्टूल टाकून बसू लागल्या, आणि रोज त्यांची नवी सूचना असे. आतल्या मोठ्या पत्र्यावर चर्चमधली कार्मेनची माता हवी. अर्बेईला वाटलं, परीक्षक भाविक दिसतात. त्याने व्हिनाइलमधून माता कापली, तिच्या झग्याच्या चुण्यांसकट. मग कोपऱ्यात एक जीप हवी, हिरवी, वर पोती लादलेली. अर्बेईने विचारलं, जीप कशाला? त्यावर त्या म्हणाल्या, ते बघून त्यांना बरं वाटेल. अर्बेईने मनात लोंदोन्योंच्या खानदानाची शेती मांडली, डोंगर मांडले आणि जीप कापायला घेतली.

एकदाच त्यांचा वाद झाला.

"आत आडवं ठेवणार ना?" ओब्दुलियांनी विचारलं.

"उभं," ग्राफिक्स कार्ड डोळ्यांपुढे आणून अर्बेई म्हणाला. "हल्ली सगळे उभंच लावतात."

"उभं? बरं दिसेल का ते?"

"काचेतून पूर्ण दिसतं, सासूबाई. आडवं ठेवलं तर नुसती कड दिसते."

ओब्दुलियांनी पेटीची उंची वितीने मोजून पाहिली. मग म्हणाल्या, ते आडवे झोपायचे, पण तू शिकलेला आहेस, तू ठरव. अर्बेई त्या क्षणी जीपच्या चाकावरचा हवेचा फुगा टाचणीने फोडत होता. त्याला वाक्याचा फक्त शेवट ऐकू आला, आणि तो त्याला फार गोड लागला.

बुधवारी वारा फिरला आणि निळ्या रंगाचा फवारा भिंतीवरून नेल्सीच्या पांढऱ्या शर्टांच्या गठ्ठ्यावर बसला. शर्ट कारखान्याचे होते, मोजून आणलेले. नेल्सी घरी आली तेव्हा शाळेचा एक अख्खा वर्ग आभाळी झाला होता. तिने ड्रायरही त्याच वेळी ओळखला. ती जे बोलली त्याचा सारांश असा की पंचेचाळीसाव्या वर्षी डब्यांना रंग लावत बसणारा नवरा तिच्या पगारातून पोसला जातोय, आणि आता तो पगारही कापला जाणार.

"शर्टाचे डाग धुतले जातील," ओब्दुलिया मध्येच म्हणाल्या. "हे काम राहिलं तर जन्मभर राहील."

आई जावयाची बाजू घेतेय म्हटल्यावर नेल्सीने आधी आईच्या आणि मग नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप दोघांनाही नव्हता.

गुरुवारी सकाळी पेटी तयार होऊन जेवणाच्या टेबलावर पंच्याखाली उभी होती. आतलं सामान बसवायचं राहिलं होतं. ते अर्बेईने बेकरीच्या ट्रेमध्ये ओळीने मांडून ठेवलं होतं. तो कामावर गेला. दुपारी जेवायला आला तेव्हा ट्रे होता, पंचा घडी करून ठेवलेला होता, पेटी नव्हती.

शेजारच्या नूबियाने खिडकीतून सांगितलं की ओब्दुलिया पेटी मांडीवर घेऊन जीपने दफनभूमीत गेल्यात. जाण्याआधी साऱ्या गल्लीला दाखवून गेल्या. असा जावई मिळायला नशीब लागतं, एवेलियोची हाडं राजासारखी राहतील, असं नूबिया म्हणाली. अर्बेईने तिला ते वाक्य पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग तो धावला. धावता धावता त्याला अंडं आठवलं, कातडीचा तुकडा आठवला, माता, जीप, आडवं-उभं, सगळं एकेक करून आठवलं, आणि 'त्यांना' म्हणजे कोणाला, तेही कळलं.

दफनभूमीत पोहोचेपर्यंत उशीर झाला होता, पण फार नाही. कोनाडा उघडलेला होता. तिथल्या कामगाराने हाडं चादरीवर पुसून ठेवली होती आणि निम्मी पेटीत गेली होती. मांडीची हाडं लांब. ती तिरकी बसवावी लागली होती. विजेचा ठोकळा बसायच्या खालच्या कप्प्यात पायांची बारीक हाडं नीट मावली होती. कामगार जाळीतून बोट फिरवत म्हणत होता की हवेची सोय छान आहे, इतकी वर्षं पेट्या बघतोय, कोणाला सुचलं नव्हतं.

अजून सगळं परत काढता आलं असतं. दफनभूमीच्या फाटकातच प्लास्टिकच्या पेट्यांचं दुकान होतं, आणि अर्बेईच्या खिशात एका पेटीपुरते पैसेही होते. तो पुढे झाला.

"सासूबाई, ही पेटी..."

"ये पोरा," ओब्दुलिया म्हणाल्या. "तुझ्याशिवाय काच कोणाला बसवता येईना." मग त्या चादरीकडे वळल्या, आणि घरात बोलतात त्याच आवाजात बोलल्या. "एवेलियो, हा अर्बेई. ह्याने केलंय सगळं. मी तर घरी तुमची सुटकेस रिकामी करून ठेवली होती. म्हटलं, कोणी काही आणलं नाही तर त्यात नेऊ. कपड्यांसारखं."

अर्बेईने खिशातले पैसे खिशातच ठेवले. तो गुडघे टेकून बसला आणि उरलेली हाडं त्याने स्वतः लावली. जिथे महागडं ग्राफिक्स कार्ड उभं राहायचं होतं तिथे कवटी ठेवली, तोंड जीपकडे करून. काच बसवली. चारी स्क्रू बोटांनी आवळले.

लहान कोनाड्यात पेटी जाईना. पायांपुरती उंच होत होती. कामगार म्हणाला, ठोकून बसवतो. अर्बेईने त्याला हात लावू दिला नाही. किल्ल्यांच्या जुडग्याला लावलेल्या छोट्या स्क्रूड्रायव्हरने त्याने रबरी पाय एकेक काढले, आणि पेटी सरकली.

"दिवे लागत नाहीत का रे?" ओब्दुलियांनी विचारलं.

"त्याला वीज लागते."

"मग राहू दे. वीज गेली की तेच सगळ्यांत आधी झोपायचे."

शनिवारी अर्बेईला मॉलमध्येच ड्यूटी होती. स्पर्धक आपापल्या पेट्या गाड्यांतून घेऊन आले. त्याने फाटकाचा दांडा वर करून त्यांना आत सोडलं आणि जवळच्या जागा दाखवल्या. जिंकलेली पेटी त्याने परत जाताना पाहिली. दंतवैद्यकी शिकणाऱ्या एका मुलीची होती, आतून काळी, वर लाल पट्टा. डाव्या कोपऱ्यात हवेचा एक फुगा राहिला होता. अर्बेईने दांडा नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ वर धरला.

रात्रीच्या जेवणानंतर नेल्सीने शर्ट घासता घासता विचारलं, प्रदर्शनाचं काय झालं? कसलं प्रदर्शन, ओब्दुलियांनी विचारलं. नेल्सीने सांगितलं. पेटी, परीक्षक, लोंदोन्योंचं टेबल, सगळं. ओब्दुलियांनी कोपऱ्यातल्या ट्रेकडे पाहिलं. नेल्सी घासायची थांबली. "अर्बेई बघतोय ना" हे आपलंच वाक्य तिला आत्ता प्रथम आठवलं.  शेवटी ओब्दुलियाच म्हणाल्या, "लोंदोन्योची आई गेल्या वर्षापासून माझ्याशी बोलत नाही. नाहीतर मी शब्द टाकला असता."

तेव्हा खर्चाची बाजू अशी. नेल्सीचा पगार कापला गेला आणि ड्रायर जळाला. ओब्दुलियांनी उभ्या गल्लीसमोर जावयाचं कौतुक केलं होतं. ते आता मागे घेता येत नव्हतं, आणि पुढे चालू ठेवताना त्यांची नजर खाली जायची. एवेलियोला काही खर्च आला नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचं वाहिलेला माणूस या वेळी स्वतः कुणाच्या तरी हातावरून गेला. त्या फेरीचं भाडं अर्बेईने आपल्या पेटीने भरलं.