सोमवारची सुई

नवऱ्याला पत्ता लागू न देता वजन उतरवणं जगात कुणाला जमत असेल तर ते मला, अशी माझी खात्री होती. योजनाच तशी बिनतोड होती. आठवड्यातून एकदा, सोमवारी, पोटाला एक बारीकशी सुई टोचायची. सोमवारी आमची बेकरी बंद असते. व्हिगो, म्हणजे माझा नवरा, त्या दिवशी सकाळीच गळ घेऊन बंदरावर जाऊन बसतो. मासे काही धरत नाही, नुसता बसतो. तेवढ्यात आपण न्हाणीघराची कडी लावायची, काम उरकायचं आणि औषधाचं पेन फ्रिजमध्ये हेरिंग माशांच्या लोणच्याच्या बरणीमागे सारून द्यायचं. हेरिंगला व्हिगो हात लावत नाही. झालं, आठवडाभराची निश्चिंती.

सुई काही हौसेनं घेत नव्हते. आमच्या डॉक्टर हाउगोरबाईंनी माझं वजन, रक्तदाब आणि साखर असे तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि म्हणाल्या, "बोडिल, आता हे हसण्यावारी न्यायचं नाही." मग सगळं नीट समजावलं. सुरुवात अगदी लहान डोसनं, मळमळेल, जेवण थोडं थोडं आणि सावकाश, काही वेगळं वाटलं तर लगेच फोन. "आणि घरी सांगून ठेवा," असं म्हणून त्या उगाचच छताकडे बघायला लागल्या.

बाकी सगळं मी ऐकलं. घरी मात्र सांगितलं नाही. कसं सांगणार? स्वेनबोर्ग गावातल्या उतारावरची आमची बेकरी व्हिगोच्या वडिलांपासूनची. व्हिगो पाव भाजतो, मी गल्ला आणि गिऱ्हाईक सांभाळते. गेलं वर्षभर खप खाली खाली चालला होता, आणि पेपरात या सुयांबद्दल काही आलं की व्हिगो तो पेपर गल्ल्यावर आपटायचा. म्हणायचा, "लोक स्वतःच्या पोटाला सुई टोचतात आणि पाय देतात माझ्या पोटावर."

आता अशा माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं की बाबा रे, त्यातला एक पाय घरातलाच आहे?

पहिले दोन आठवडे मला वाटलं, अगदीच सोपं आहे हे. तिसऱ्या आठवड्यात लोणी माझ्या अंगावर धावून आलं. म्हणजे वास. लग्न झाल्यापासून ज्या वासानं मला जाग येते, तोच वास आता जिन्यावर गाठून म्हणायचा, कुठे चाललीस? मी नाकानं श्वास घेणं बंद केलं. तोंडानं श्वास घेत गिऱ्हाइकाला "सुप्रभात" म्हणून बघा कधी. मगरीनं जांभई दिल्यासारखं दिसतं.

त्यात आमच्याकडे एक रिवाज. दालचिनी आणि वेलची घातलेली, पीठ गुंडाळून केलेली एक गोड वळी असते. तिला आमच्याकडे गोगलगायच म्हणतात, कारण दिसते तशी. रोजच्या पहिल्या घाण्यातली पहिली गोगलगाय मी चाखायची. व्हिगो पिठाचे हात कमरेवर ठेवून समोर उभा राहतो. विचारत काही नाही. पहिल्या घासाकडे लक्षही देत नाही. दुसरा घास मी किती लवकर घेते, तेवढंच बघतो. आणि आता माझा दुसरा घास काही केल्या येईना.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"काही नाही. गरम आहे."

"रोज गरमच असते."

"आज जास्त गरम आहे."

त्यानं गोगलगाय हातात घेतली, उलटी करून बघितली आणि आत गेला. दुपारी कळलं की त्यानं लोणीवाल्याला फोन करून झापलं होतं. पुढच्या आठवड्यात लोणी नवं आलं, आणखी दाट. मी तर संपलेच. मग व्हिगोनं साखर बदलली. मग दालचिनी. मग भट्टीतल्या विटा साफ करून घेतल्या. माझ्या एका न घेतलेल्या घासापायी त्या माणसानं सगळी बेकरी उलटीपालटी केली, आणि प्रत्येक बदल चाखायचा कुणी? तर मीच.

शेवटी मी शक्कल काढली. पहिला घास त्याच्यासमोर खायचा, "वा" म्हणायचं, आणि त्याची पाठ वळली की उरलेली गोगलगाय एप्रनच्या खिशात. पण खिशाला तळ असतो. तो रिकामा कुठे करायचा? कचऱ्यात टाकावी तर कचरा व्हिगोच बाहेर नेतो.

दारात हास्लुंडबाईंचा बामसे बांधलेला असायचा. हास्लुंडबाई म्हणजे प्राथमिक शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. वय ऐंशीच्या पुढे, अंगानं छडीसारख्या, आणि जीभही त्याच लाकडाची. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं, त्यात व्हिगोही. आणि बामसे म्हणजे त्यांचा कुत्रा, त्या लांबुडक्या, आखूड पायांच्या जातीचा. बाई आत पाव घेत असताना मी बाहेरचा फलक पुसायला म्हणून जायची आणि खिसा रिकामा करून यायची. इतका कृतज्ञ प्राणी मी दुसरा पाहिला नाही. माझं वजन उतरत गेलं तसतसं बामसेचं पोट जमिनीला टेकायला लागलं. मला वाटलं, थंडीमुळे वाढलेले केस असतील.

इकडे व्हिगोही वाळायला लागला. गाल बसले, एप्रनची नाडी दोनदा गुंडाळून बांधायला लागला. स्वतः केलेल्या पावाकडे कोऱ्या नजरेनं बघायचा. जेवायला बसला की दोन बटाटे इकडचे तिकडे करायचा आणि म्हणायचा, "झालं माझं." माझ्या काळजाचं पाणी व्हायचं. हा माझ्या दुसऱ्या घासापायी झुरतोय. रोज ठरवायची, आज सांगायचंच. पण बोलायला लागलं की श्वास नाकातून जायचा, आणि वास आला की तोंड मिटावं लागायचं.

एके संध्याकाळी तो चहा पिता पिता म्हणाला, "बोडिल, माझा हात गेला."

मी त्याच्या हाताकडे बघितलं. होता.

"चव गेली हातातली. गिऱ्हाईक तुटतंय, तुला आवडत नाही..."

"मी कधी म्हटलं?"

"म्हणायला कशाला लागतं? आणि खरं सांगू? मलाही आवडत नाही माझी गोगलगाय. घास घशाखाली उतरत नाही. ज्या बेकरला स्वतःचा पाव नको होतो, त्यानं दुकान विकावं."

"विकावं म्हणजे?"

"ओडेन्स शहरातला क्रागेलुंड म्हणून आहे. जागा बघायला येतोय. व्यायामशाळा काढायचीय त्याला."

वडिलोपार्जित भट्टीच्या जागी लोक एकाच जागी सायकल मारणार, या कल्पनेनं मला पहिल्यांदाच सुईशिवाय मळमळलं. म्हटलं, "अरे, जरा थांब, मला काहीतरी सांगायचंय." तर म्हणे, "माझी समजूत घालू नकोस, मन आणखी दुखतं," आणि उठून गेला. आता या बाबाला कुठल्या भाषेत सांगायचं?

क्रागेलुंड आला. गोरापान, गुळगुळीत, बोलणं लोण्यासारखं. लोणी हा शब्दही मला तेव्हा सोसवत नव्हता. दुपारची वेळ, दुकानात कुणी नाही. व्हिगोनं खिडकीजवळच्या टेबलाशी कॉफी मांडली आणि एका बशीत ताजी गोगलगाय त्याच्यासमोर ठेवली. दुकान विकायला बसलेला माणूसही पाहुण्याला खाऊ घातल्याशिवाय राहत नाही. क्रागेलुंड भिंती बघत होता, छत बघत होता, भट्टी कुठून फोडायची ते बोटानं दाखवत होता. बशीकडे बघत नव्हता. व्हिगो मात्र फक्त बशीकडे बघत होता.

"घ्या ना," व्हिगो शेवटी म्हणाला.

"सुंदर दिसतेय. नंतर घेतो."

व्हिगोनं माझ्याकडे बघितलं, जणू म्हणत होता, बघ, झाली ना खात्री.

मी बोलायला तोंड उघडलं आणि त्याच क्षणी दार धाडकन उघडून हास्लुंडबाई आत आल्या. बामसेला त्यांनी काखेत मारायचा प्रयत्न केला होता, पण तो आता मावत नव्हता. त्याचं मागलं निम्मं अंग लोंबत होतं.

"व्हिगो," बाई म्हणाल्या, आणि पन्नाशी उलटलेला माझा नवरा खुर्चीतून उठून उभा राहिला. "या कुत्र्याला कोण गोड घालतंय? प्राण्यांचे डॉक्टर मला म्हणाले, बाई, लाड आवरा. मला. मी आयुष्यात कुणाचे लाड केलेत का?"

"नाही बाई," व्हिगो म्हणाला.

"मग कोण ते शोध."

शोधायची गरज पडली नाही. बाईंनी बामसेला खाली ठेवलं. तो टेबलाखालून, क्रागेलुंडच्या चकचकीत बुटांवरून पोट घासत सरळ माझ्याकडे आला आणि माझ्या एप्रनच्या खिशाला नाक लावून शेपूट हलवायला लागला. खिशात सकाळची गोगलगाय होती. जवळजवळ अख्खी.

व्हिगो जवळ आला. खिशात हात घालून त्यानं ती बाहेर काढली. माझ्या एका घासाची खूण तिच्यावर स्पष्ट दिसत होती.

"कुत्र्याला, बोडिल?" तो इतक्या हळू म्हणाला की ओरडला असता तर बरं झालं असतं. "रोज?"

मग मात्र माझा बांध फुटला. रडू वगैरे नाही, संताप. "हो, रोज. कारण मला खाता येत नाही. मला लोण्याचा वास सहन होत नाही, साखर सहन होत नाही, तू समोर उभा राहून माझे घास मोजतोस ते तर मुळीच सहन होत नाही. तुझ्या हाताला काहीही झालेलं नाही. मी सुई घेते. वजनाची. डॉक्टरांनी दिलीय. दर सोमवारी, तू गळ टाकून बसतोस तेव्हा. आता काढ मला घराबाहेर."

बामसे खालून व्हिगोच्या हाताकडे बघत होता.

क्रागेलुंड घसा खाकरून म्हणाला, "माझी शुक्रवारी असते." आणि बशी हळूच दूर सरकवत, "म्हणूनच घेतली नाही. गैरसमज नसावा. एरवी मी अशा तीन खाल्ल्या असत्या."

आम्ही दोघांनी व्हिगोकडे बघितलं. तो लाल झाला होता. मानेपासून सुरू झालेला लाल रंग टकलापर्यंत पोचला. हातातल्या गोगलगाईला उद्देशून तो पुटपुटला, "बुधवारी."

"काय बुधवारी?"

"माझी. बुधवारी असते. यीस्टच्या फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात."

"हे काय चाललंय?" हास्लुंडबाई कडाडल्या. "दिवस कसले वाटून घेताय, फळा पुसायची पाळी आहे का?"

मला खुर्ची घ्यावी लागली. म्हणजे हा झुरत नव्हता. ज्याच्या गालांकडे बघून मी माझा जीव जाळत होते, तो माणूस दर बुधवारी व्यवस्थित, ठरल्या डोसनं वाळत होता. "आणि तो पेपर?" मी विचारलं. "आपटायचास तो?"

"बेकरच सुई घेतो म्हटल्यावर गिऱ्हाईक काय म्हणेल? गुडघे गेले होते गं. पिठाची पोती उचलवेनात. हाउगोरबाई म्हणाल्या घरी सांगा, पण तू रोज इतक्या प्रेमानं चाखायचीस..."

"मी? प्रेमानं?"

"मला काय माहीत? मला वाटायचं, मला औषधामुळे आवडत नाही. पण तुलाही आवडत नाही म्हटल्यावर वाटलं, आता पाव खरंच बिघडला."

डॉक्टरीणबाई छताकडे का बघत होत्या ते मला तेव्हा कळलं. गुपित पाळायची शपथ असते त्यांची, पण तेवढ्यापायी आमची भट्टी फुटायची वेळ आली होती.

क्रागेलुंडला समजलं की इथे आता सायकली काही येत नाहीत. जाताना म्हणाला, "याचीच लहान करता का हो, दोन घासांची? तेवढी मी नेली असती." तो वैतागून बोलला, पण व्हिगो दारापर्यंत त्याला सोडायला गेला आणि परत आला तो हवेत बोटांनी दोन घासांची गोगलगाय गुंडाळतच.

ते ठीक. पण चाखायचं कुणी? त्याला चव कळेना, मला घास जाईना. आम्ही सुई न घेणारी जीभ शोधायला लागलो, तर निम्म्या उतारावर लोक खाली बघायला लागले. पाववाटप करणारा, खालचा केशकर्तनवाला, बंदरावरचा व्हिगोचा मित्र, ज्याला विचारावं तो म्हणे, "सध्या जरा नको." शेवटी व्हिगो हास्लुंडबाईंकडे गेला. बामसेची भरपाई म्हणून त्यांना रोज सकाळी कॉफी फुकट, आणि त्याबदल्यात त्यांनी खरं काय ते सांगायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई टेबलाशी येऊन बसल्या. व्हिगो पिठाचे हात कमरेवर ठेवून समोर उभा. मी तोंडानं श्वास घेत शेजारी. बाईंनी पहिला घास घेतला. चावला. चावला. गिळला. मग, देवाची दया, दुसरा घास घेतला. व्हिगोचे खांदे सैल पडले.

"वेलची जास्त आहे," बाई म्हणाल्या.

"आज?" व्हिगोनं विचारलं.

"नेहमीच. तुझ्या वडिलांच्या वेळेपासून."

व्हिगोनं कमरेवरचे हात खाली घेतले. मग म्हणाला, "बाई, तुम्ही रोज येता. इतकी वर्षं. मग कशासाठी येत होता?"

बाईंनी ओठांवरचा चुरा रुमालानं टिपला आणि अगदी साधेपणानं म्हणाल्या, "जवळ पडतं म्हणून."